पट्टी कुठल्या बाजूला

मॉनिटर लागायचा, दोन सेकंद उजळायचा आणि काळा पडायचा. म्हापशाच्या दुकानदाराने नवाच घ्या म्हणून सांगितलं. माझा नवरा महेश म्हणाला, "नवो कित्याक? विनोदिनी घरी येवन करून दितली."

विनोदिनी डिचोलीच्या कारखान्यात त्याच्याच टेबलावर सोल्डरिंग करते. बेळगावकडची. गेले चार महिने आमच्या ताटात मिठाआधी तिचं नाव पडतं. तिचा हात किती साफ, तिला दोष कसा पटकन दिसतो. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, त्याचा घरात उपयोग आमच्या लहानग्या साईशचा ताप मोजण्यापुरता.

रविवारी ती धारगळला आमच्या घरी आली. लग्नानंतर पहिल्यांदाच महेशने स्वतः टेबल पुसलं.

"तू चाय ठेव गो," तो मला म्हणाला. मी ठेवली नाही. साईशला कडेवर घेऊन तिथेच उभी राहिले.

तिने मागचं झाकण उघडून पॉवरचं कार्ड सोडवलं. दोन कपॅसिटर, वीज साठवणारे बुटके डबे, डोक्यावर फुगले होते. "बघा की वहिनी, भाकरीगत फुगल्यात!" मला हसू आलं, ते मी गिळलं.

तिने जुने काढले. मी तिचे हातच बघत होते, म्हणून दिसलं. जुन्यांवरची उणे बाजूची पट्टी कार्डावर छापलेल्या अर्ध्या पांढऱ्या गोलाच्या कोऱ्या बाजूकडे होती. नवे बसवताना तिने ती पांढऱ्या अर्ध्याकडे केली. त्यांच्या कारखान्यात पांढरा अर्धा म्हणजे उणे, दिवसभर ती तसेच लावते. हे कार्ड नेमकं उलटं छापलेलं.

उलटा लावलेला कपॅसिटर वीज मिळताच फुटतो. मी बोलले नाही. फुटू दे. एकदा तरी, महेशच्या देखत.

तिने दोन्ही पक्के केले. महेशने वायर प्लगकडे नेली आणि साईश दोन्ही हात पसरून टेबलाकडे झेपावला.

"थांबा! ते उलटे लागलेत."

"तुका काय कळता?" महेश म्हणाला.

विनोदिनीने मात्र कार्ड पालथं केलं. तांब्याची रेघ बोटाने धरत, उणे बाजू जोडलेली असते त्या स्क्रूच्या भोकापर्यंत नेली. "वहिनींचं बरोबर हाय. फुटून तोंडावर आलं असतं."

तिने ते फिरवून लावले. पडदा उजळला आणि उजळलेलाच राहिला.

महेश माझ्याकडे बघत होता. चार महिन्यांत त्याने असं बघितलं नव्हतं. "तुका कधी दिसलां गो?"

"आत्ताच."

"आत्ताच कसं? मी जुने काढताना तुम्ही पाशीच हुता की..." बोलता बोलता विनोदिनी थांबली. माझ्याकडे बघितलं. मग साईशकडे. गरम सोल्डरिंग आयर्न त्याच्या हातापासून लांब सरकवलं.

"आत्ताच दिसणार," ती महेशला म्हणाली, "मगाशी मीच आडवी आलेली न्हवं का."

तो मान डोलवून परत पडद्याकडे वळला. आता तो आमच्या ताटावर माझंही नाव घेतो. ते विनोदिनीने मला दिलेलं आहे.