रविवारी बसवतो

कपडे धुण्याच्या मशीनच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून मिस्त्री आडवे पडले होते आणि लेक दारात उभी राहून मोबाइलवर वेळ बघत होती.

"बाबा, अकराला नवीन मशीन येतंय. जाताना ते लोक हे धूड घेऊन जाणार. मग आता ही झटापट कशाला?"

"अकराला ना? आत्ता सव्वासात झालेत. तो दहाचा पान्हा दे."

तिने पान्हा दिला. वडिलांनी एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. आई सहा आठवडे तिच्याकडे होती. त्याआधी इथेच ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर जाताना जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आज दुपारी ती घरी यायची होती. जिना कायमचा बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून लेकीने कपडे धुऊन वाळवूनही देणारं मशीन मागवलं होतं.

खरं तर जुनंही तसंच होतं. एकाच पिंपात धुवायचं आणि वाळवायचं. धुण्याचं काम ते इमानेइतबारे करी, वाळवण्याचं मात्र नाव नाही. सहा आठवड्यांत मिस्त्रींनी त्याचे बेअरिंग बदलले, पट्टा बदलला, दाराचं रबर बदललं. राहिला होता हीटर. तो काल संध्याकाळी भंगारवाल्याकडे एका मोडक्या मशीनमध्ये सापडला.

"आई म्हणते तेच खरं," लेक म्हणाली. "याच्यात मुळातच खोट होती."

"खोट नव्हती," मिस्त्री आतूनच म्हणाले. तोंड मशीनमध्ये होतं म्हणून बोलणं सोपं गेलं. "हीटर मी काढला होता. सव्वीस वर्षं झाली."

"तुम्ही?"

"प्रसूतिगृहाचं मशीन बंद पडलं होतं गं. बाळांची दुपटी वाळेनात. पार्ट यायला महिना लागणार होता. आपला काढून तिकडे बसवला. तुझ्या आईला म्हटलं, रविवारी दुसरा बसवतो."

"मग?"

"मग काय! रविवारी आणखी कुणाचं तरी बंद पडलं."

गावभरची मशीनं सुरू आणि घरचं अर्धं बंद. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. चार-पाच रविवार गेल्यावर बायकोने पुन्हा विचारलं, तेव्हा मिस्त्रींनी थाप मारली, की याच्यात मुळातच खोट आहे, हीटर टिकणार नाही. त्यांचा शब्द तिला प्रमाण. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही, आणि हेच त्यांना आता खात होतं.

आठला हीटर बसला. चादर आणि उशीचे अभ्रे घालून मशीन सुरू केलं. तासाभराने दार उघडलं तर आतून वाफेचा लोट आला. चादर गरमागरम आणि ओलीचिंब.

"उकडून काढलीत की!" लेकीला हसू आवरेना. "बाबा, पुरे आता."

मिस्त्री हसले नाहीत. वाफ गार करून तिचं पाणी करायला मागून थंड पाण्याची बारीक धार लागते. ती का येत नाही म्हणून त्यांनी मागचं झाकण काढलं. ती धार सोडणाऱ्या व्हॉल्व्हची जागा रिकामी. हाही त्यांनीच काढला होता, आणि कुणासाठी तेसुद्धा आठवेना.

त्यांनी जुन्या सामानाचा डबा पालथा घातला, त्यातल्या त्यात जुळणारा व्हॉल्व्ह निवडला. आटे सैल होते, दोनदा पाणी गळलं. तिसऱ्यांदा टेप गुंडाळून आवळला. मनगट भिंतीला टेकवून जोर लावला.

अकराला दहा मिनिटं असताना लेकीने अभ्रा बाहेर काढला, गालाला लावला आणि फोन उचलला. "दादा, गाडी आणू नका. नाही, दुसरी तारीख नको."

दुपारी बायको काठी टेकत आली. मिस्त्रींनी तिला मशीनसमोर खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. प्रसूतिगृह, व्हॉल्व्ह, थाप, काहीच लपवलं नाही. तिने अभ्रा हातात घेतला. दोरीवरचा कपडा चाचपावा तशी त्याची शिवण चिमटीत धरली.

"शिवणसुद्धा वाळलीये," ती म्हणाली. मग अभ्रा घडी करून मांडीवर ठेवला. "वर एक्केचाळीस पायऱ्या आहेत. तुम्ही कधी मोजल्यात?"

"नाही."

"मग जा आता. दोरी सोडून आणा. चिमटेही आणा."

मिस्त्री गेले. पंचविसाव्या पायरीवर त्यांना थांबावं लागलं. दहा वर्षांत ते गच्चीवर फिरकलेच नव्हते. दोरी सोडायला त्यांनी सवयीने हात वर नेला, तर तिथे नुसताच गंजका खिळा होता. त्याच्या वीतभर खाली दुसरा, तोही रिकामा. दोरी होती तिसऱ्या खिळ्याला, त्यांच्या छातीइतकी खाली. बायकोचा हात वर जाईनासा झाला तशी तिने ती दोनदा उतरवून घेतली होती. खालचे दोन्ही खिळे वाकडे होते, भोवती हातोडीचे चुकलेले घाव होते. घरात मिस्त्री असताना हे तिने स्वतः ठोकले होते.

त्यांनी गाठ सोडली. दोरी गुंडाळत ते तिथेच उभे राहिले. खाली मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येत होता.