मागल्या खेपेची बाई

मार्गदर्शक फ्रेयानं भेटीचं रेकॉर्डिंग थांबवलं, थोडं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. खोलीत क्लिफर्ड हेपवर्थ या म्हाताऱ्या पेशंटचा खोकला घुमला आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज आला, "आन् मंग, येकल्याला घर खायला उठतंय का?"

"ही कोण?" बेव्हर्लीनं विचारलं.

"तुम्ही."

बेव्हर्ली हसली. फ्रेया हसत नाही असं दिसल्यावर तिनं हसू आवरतं घेतलं.

"सुरुवातीला तुम्ही नेहमीसारख्या बोलताय. नंतर हे असं," फ्रेया म्हणाली. "सरळच विचारते, तुम्ही त्यांची नक्कल करत होतात का?"

इंग्लंडात एखाद्याच्या बोलण्याची नक्कल करणं म्हणजे त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करणं. बेव्हर्लीचे कान लाल झाले.

"नक्कल नाही. मला... मला ते ऐकूच आलं नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळी उमेदीची वर्षं बेव्हर्ली ऑक्सलेनं विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवण्यात घालवली होती. समोरच्यानं तोंड उघडायचा अवकाश, तो यॉर्कशरच्या कुठल्या दरीतला हे ती सांगून मोकळी व्हायची. मग पन्नाशी उलटल्यावर हिच्या डोक्यात मानसोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं खूळ शिरलं. मुलाखतीत ती म्हणाली, "लोक कसं बोलतात ते पुष्कळ ऐकलं, आता काय बोलतात ते ऐकायचंय." वाक्य इतकं झकास होतं की प्रवेश तिथल्या तिथे मिळाला.

पण जित्याची खोड! पहिल्याच दवाखान्यात एक पेशंट होता. जग आपली गुपचूप माहिती काढतंय, या संशयानं बिचारा झुरत होता. त्याचं बोलणं ऐकून बेव्हर्ली कौतुकानं म्हणाली, "तुमची आजी लिव्हरपूलची ना?" तो खुर्चीसकट मागे सरकला आणि पुन्हा त्या इमारतीत फिरकला नाही. बेव्हर्ली नापास झाली. दुसऱ्यांदा नापास झाली तर अभ्यासक्रमातून थेट बाहेर. मागे फिरायचीही सोय नव्हती. विद्यापीठातल्या तिच्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन बसलं होतं.

"पुढच्या भेटीला मी शेजारी बसते, मगच ठरवते," फ्रेया म्हणाली. ती लंडनची, वयानं बेव्हर्लीच्या विद्यार्थिनींएवढी, पण पास-नापास तिच्या हातात. "तुम्ही फक्त तुमच्यासारखं बोला."

तुमच्यासारखं! आठवडाभर तेवढा एकच शब्द बेव्हर्लीच्या डोक्यात भुणभुणत राहिला. ती इथल्याच, बार्न्सलीच्या कोळसेवाल्याची पोर. विद्यापीठात शिकायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या बोलण्याला कुणीतरी हसलं आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत ती बोली तिनं पार घासून काढली. पुढे बाप, अर्नी, गेला तेव्हा चर्चमध्ये त्याच्याविषयी ती फार सुंदर बोलली. नंतर सँडविच खाताना डोळ्यांनी अधू झालेली आत्या शेजारणीला म्हणाली, "किती ग्वाड बोलली ती रेडिवोवानी बाई. अर्नीच्या वळखीची व्हती का?" सगळ्यांबरोबर बेव्हर्लीही हसली. गाडीत बसल्यावर मात्र तिला रडू फुटलं.

ठरल्या दिवशी हेपवर्थ टोपी मांडीवर ठेवून बसला. फ्रेया कोपऱ्यात वही-पेन घेऊन बसली. बेव्हर्ली पाठ ताठ करून, एकेक शब्द निवडून बोलू लागली.

"मि. हेपवर्थ, हा आठवडा कसा गेला?"

"बरा."

"झोप लागते?"

"लागती."

"तुमच्या पत्नी नोरा यांच्या निधनानंतर जे रितेपण आलंय, त्याबद्दल काही सांगावंसं वाटतं?"

म्हाताऱ्यानं टोपी फिरवली. बेव्हर्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं.

"मागल्या खेपेची बाई रजेवर हाय व्हय?"

"मीच होते, मि. हेपवर्थ."

"न्हाई. ती आपल्यातली व्हती." त्यानं डोळे बारीक केले. "थांब जरा. कुणाची गं तू?"

कोपऱ्यातलं पेन थांबलं. आपल्या घरचं पेशंटला सांगायचं नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. 'आपण तुमच्याविषयी बोलू या,' हे घोटलेलं वाक्य बेव्हर्लीच्या जिभेवर तयार होतं. आता नापास झालं तर झालं, असं काही तिनं ठरवलं नाही. तोंडातून निघून गेलं एवढंच.

"अर्नी ऑक्सलेची. कोळसेवाल्याची."

"अर्नीची?" म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "आगं, त्याची कबुतरं सारखी माझ्या छपरावर! ती गल्ली सोडस्तवर भांडलो आमी. कसा हाय त्यो?"

"गेला. तीन वर्सं झाली."

"गेला व्हय." त्यानं टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"नोराचा कोट आजून दारामागं हाय," तो म्हणाला. "पोरगी म्हनती, देऊन टाक. दीन की. पन मंग भाईर पडताना 'येतो गं' कुणाला म्हनू?"

"रोज म्हनता?"

"रोज. कदी इसरलो तर अर्ध्या वाटंतनं माघारी जातो." आणि मग तो रडला, आवाज न करता. बेव्हर्लीनं कागदी रुमालांचा डबा त्याच्याकडे सरकवला आणि त्यातला एक स्वतःही घेतला.

तो गेल्यावर फ्रेया खुर्ची ओढून समोर बसली. वहीच्या पानावर दोनच ओळी होत्या.

"मला निम्मं कळलंच नाही," ती म्हणाली. "कोटाबद्दल बोलताना त्यांचा सूर एकदम बदलला, तो कुठल्या भागातला?"

बेव्हर्लीनं सवयीनं बोट वर केलं, तोंड उघडलं. बोट तसंच वर राहिलं.

"बदलला? माझ्या लक्षात नाही आलं," ती म्हणाली. "तो कोट कसला असेल, तेच मनात येत होतं. हिरवा असावा."

फ्रेयानं वही मिटली.

"पुढच्या महिन्यापासून आणखी दोन पेशंट घ्या," ती म्हणाली. "चहा घेणार?"

"घिऊ की," बेव्हर्ली म्हणाली.