बोथट टोच्या

पोळा उद्यावर आला होता आणि बैलाच्या चामडी घुंगरपट्ट्याची शेवटची गाठ अजून बाकी होती. अड्याळचा जीवन चार वाजता पट्टा न्यायला येणार होता. साडेतीन कधीच होऊन गेले होते. बैल त्याचा असला तरी पोळ्याच्या तोरणाखाली लोक गाठ पाहणार माझी, म्हणून घाई असूनही मी प्रत्येक पीळ ताणून पाहत होतो.

ही गाठ विणताना चामड्याच्या एका वादीखालून दुसरी सरकवावी लागते. त्यासाठी मी घरीच दोन टोचे बनवलेत, एक सायकलच्या स्पोकचा, एक छत्रीच्या काडीचा. दोन्हींची टोकं मुद्दाम घासून बोथट केलीत. वादी उचलली गेली पाहिजे, कापली जाता कामा नये.

स्पोकचा टोच्या खुपसला आणि वादी मधोमध चिरली. टोक पाहिलं तर सुईसारखं चकाकत होतं.

"सत्यभामा! याले हात कोनं लावला?" मी बायकोवर ओरडलो.

"मीनंच," ती मागच्या अंगणातून म्हणाली. "किती बोथट झालं होतं! विळ्यासंगं घासून देलं."

तिला तरी काय बोलणार? मागे तिनं विचारलं होतं, टोक असं काहून ठेवता म्हणून. आपलं कसब घरातही सांगायचं नाही ही माझी खोड, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

नशिबानं एक वादी शिल्लक होती. दारात जीवनची मोटरसायकल थांबली.

"छत्रीवाला टोच्या आन लवकर!" मी सत्यभामेला हाक मारली.

"थांबा नं जरासे," ती म्हणाली. दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. "त्यालेच धार लावून राहिली."