अकरा बार झेललेली पुंगळी

मित्रांनो, माणसे आपले वय वर्षांत मोजतात, मी माझे बारांत मोजते. मी एक जुनी पितळेची पुंगळी आहे आणि आजवर अकरा बार झेलले आहेत. काडतुसातली दारू जळून जाते, गोळी निघून जाते, मागे उरते ती मी. मला साफ करून, मापात आणून, तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून पुन्हा भरता येते.

आम्ही पन्नास बहिणी एका डब्यातून अमेरिकेतल्या मोंटानात, जुडिथ नदीकाठच्या एइनार हॅगस्ट्रॉम यांच्या शेडमध्ये आलो. एइनार तेव्हा सत्तरीला टेकले होते. जन्मभर गव्हाच्या कोठारावर काम केलेला हा माणूस हजार यार्डांवरच्या चांदमारीचा शौकीन होता. हजार यार्ड म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर! काडतुसे ते स्वतःच भरत, आणि त्यांचे सगळे प्रेम वेगावर. गोळी जितकी जोरात जाईल तितका वारा तिला कमी ढकलेल, असे ते म्हणत. ते खोटे नव्हते. पण त्या नादात ते काडतुसे भरण्याच्या पुस्तकात छापलेल्या शेवटच्या मापाच्याही पुढे दारू भरत. दर बाराला आमचे अंग ताणले जाई. तिसऱ्या-चौथ्या बारालाच माझ्या अकरा बहिणींच्या तळाची टोपीची जागा सैल झाली आणि त्या भंगारात गेल्या. चांदमारीच्या मैदानाची देखरेख करणारा त्यांचा जुना दोस्त क्लेटन म्हणायचा, "एइनार, तुझ्या आवाजानं निशाण घाबरून पडेल, पण गोळी काही लागायची नाही."

मग जुलैतली वार्षिक स्पर्धा आली. ऊन रणरणत होते आणि आम्ही उघड्या डब्यात तापत होतो. माझ्या शेजारची बहीण नळीत गेली, बार झाला, ती आतच फुगून बसली आणि पुंगळी बाहेर काढणारी रायफलची खिट्टी अशी जाम झाली की उघडेना. कुणाला इजा झाली नाही, पण क्लेटनला हात वर करून एइनारना थांबवावे लागले. दहापैकी सहाच बार झाले होते. एइनार मान खाली घालून घरी आले. त्यांनी दारू मोजायच्या तराजूवर फडके टाकले. सबंध हिवाळा ते शेडकडे फिरकले नाहीत.

मार्चमध्ये ते फडके मार्गिटने काढले. मार्गिट ही त्यांची मुलगी, शाळेची बस चालवणारी, बापाइतकीच हट्टी. तिने आम्हाला एकेक करून तपासले आणि एकतीसच ठेवल्या. मी राहिले! तिने दारू मात्र फारच कमी भरली. जवळच्या निशाणावर सगळी भोके एका मुठीत मावली आणि ती खूश झाली. पण हजार यार्डांवर वाऱ्याने त्याच गोळ्या पाचोळ्यासारख्या पांगवल्या.

तिने घरी येऊन ते सांगितले, तेव्हा एइनार कितीतरी महिन्यांनी हसले.

"तुझ्या गोळ्या दमल्या, पोरी. शेवटी शेवटी पाय ओढत गेल्या."

"आणि तुमच्या पळाल्या खऱ्या, बाबा, पण एक या दारात तर दुसरी त्या अंगणात."

त्या थट्टेनंतर दोघे शेडमध्ये शेजारी बसले. खालच्या मापापासून सुरुवात करून ते चिमटी-चिमटीने वर जात राहिले. दर मापाचे पाच बार. मार्गिट नेम धरायची आणि एइनार वेग मोजणाऱ्या यंत्रावरचे आकडे वहीत लिहायचे. एका मापाला गंमत झाली. पाचही गोळ्यांचा वेग जवळजवळ सारखा आला आणि भोके एकमेकींना चिकटून बसली. त्याच्या जरा वरच्या मापाला वेग वाढला, पण घोळका फुटला.

एइनारना ते वरचे माप सोडवेना. मार्गिट वाद घालत बसली नाही. तिने दोन्ही मापांचे भोके पडलेले कागद त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "नळी तुमची, दारू तुमची. तुम्हीच मोजा."

त्यांनी दोन्ही कागदांवरच्या भोकांना पट्टी लावली. मग त्यांनी तराजूच्या पारड्यातली जास्तीची दारू बाटलीत परत ओतली. मित्रांनो, मी अकरा बार झेलले, पण माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण तो, आणि त्याला आवाजच नव्हता.

जुलैत मी पुन्हा मैदानावर होते. नेम मार्गिटचा होता. एइनार दुर्बिणीतून गवत बघत तिला वारा सांगत होते. नऊ गोळ्या लोखंडी पाटीवर टणटणल्या होत्या. दहावी माझ्यात होती.

"थांब," एइनार हळूच म्हणाले. "वारा बसतोय. डावीकडे थोडी... आता."

मी झेलला तो बार कसा होता म्हणून सांगू! धक्का सणसणीत, पण अंगाला कुठे ओढ नाही. खिट्टी लोण्यासारखी उघडली. दूरवरून टण्ण असा आवाज आला. एइनारना तीस वर्षांत आठच्या वर कधी जमले नव्हते.

दहाही लागलेल्यांत पाटीच्या मध्याजवळच्या खुणा मोजल्या, त्यात मार्गिटचा नंबर चौथा आला, पण बापलेक पहिला आल्यासारखे हसत होते. क्लेटन निकालाच्या यादीत मार्गिटचे नाव लिहू लागला तसे एइनार पुढे सरसावले.

"माझंही लिही," ते म्हणाले. "दारू मी कमी केलीय."

क्लेटनने दोघांची नावे लिहिली आणि रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या केकचा मोठा तुकडा एइनारच्या हातावर ठेवला.

आता माझ्या अंगाची चकाकी गेली आहे, पण टोपी अजून घट्ट बसते. मित्रांनो, तुमच्या हाताखाली कुठलीही वस्तू असो, तिला किती सोसवते ते आधी पाहा आणि त्याच्या जरा अलीकडेच थांबा. वापरून झाली की हातात धरून नीट तपासा. उद्या माझ्या मानेवर चीर दिसली, तर भीड न धरता मला टाकून द्या, मला राग यायचा नाही. मात्र तोवर मला फडताळात शोभेला ठेवू नका. मला भरा. बेताने भरा.