पहिली बाजू, चौथं गाणं

मुंगीपाशी तीन कोऱ्या तबकड्या होत्या आणि पाच दिवस. चौथी तबकडी हवी असेल तर चार महिने थांबा, असं बनवणाऱ्यानं तोंडावर सांगितलं होतं. जगात त्या बनवणारे उरलेत किती? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यामुळे तोरा त्यांचा आणि गरज आपली.

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाबांच्या मशीनभोवती तासन् तास गुपचूप फिरायची म्हणून त्यांनी ठेवलेलं, ते एक्कावन्नाव्या वर्षीही चिकटून राहिलं होतं. काम तिनं बाबांचंच पुढे चालवलं. रेकॉर्ड कारखान्यात छापतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याआधी कुणालातरी बसून ते गाणं पहिल्यांदा कोरावं लागतं, हे कुणाच्या गावीही नसतं. लाखेचा थर दिलेली काळीभोर तबकडी फिरते, तिच्यावर तापलेली सुई उतरते, आणि टेपवरचं गाणं खाच होऊन तिच्यात बसत जातं. वीस मिनिटांची बाजू सलग कोरायची. मधे शिंक आली, हात हलला, की तबकडी गेली कचऱ्यात. खोडरबर नाही या धंद्यात.

या वेळचं काम होतं एका चौघांच्या बँडच्या तिसऱ्या रेकॉर्डचं; दुसरी बाजू कोरून झाली होती, पहिली उरली होती. त्रेचाळीस वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा खपाच्या यादीत एकोणिसाव्या नंबरापर्यंत चढली आणि तिथूनच घरंगळली. पण ज्यांनी तेव्हा घेतली त्यांनी जिवापाड जपली, आणि त्याला कारण होतं पहिल्या बाजूचं चौथं गाणं. साडेसहा मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला एकेक वाद्य गप्प होत जातं, गाणारा एकटा उरतो, आणि मग ड्रम येतो. एवढंच हो! पण त्या जुन्या रेकॉर्डवर ड्रम यायच्या आधी असं काहीतरी होतं, की आरामात लोळणारा माणूस उठून सरळ बसायचा. काय होतं, ते कुणाला धड सांगता येत नसे. नंतर दोनदा ती रेकॉर्ड नव्यानं काढली, दोनदा सपशेल आपटली. बाकी सगळं होतं, नेमकं तेवढंच नव्हतं. आणि नवल म्हणजे मूळ टेपवरही ते नव्हतं.

टेपवर नाही, म्हणजे कोरताना आलं. आणि ती कोरली होती मुंगीच्या बाबांनी.

"ताई, ते आलं तर सोनं," रेकॉर्ड कंपनीची बाई फोनवर म्हणाली. "नाही आलं तर शुक्रवारी टेप परत घेऊन कॉम्प्युटरवर उरकून टाकू. टेप आता झिजलीय, यानंतर ती कुठल्या मशीनवर चढेल असं वाटत नाही. ही शेवटचीच."

शेवटचीच! म्हणजे आता साधलं नाही तर ते जुन्या, घासलेल्या रेकॉर्डींबरोबर हळूहळू मरणार. आणि बाबांच्या हाताचं जगात काही राहिलं असेल तर तेवढंच होतं. कोरणाऱ्याचं नाव कव्हरवर कोण छापतो?

बाबा होते शेजारच्याच खोलीत, एकोणऐंशी वर्षांचे, खुर्चीत. सहा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही कान पार गेले, आणि त्या दिवसापासून त्यांनी मशीनच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. "ऐकू येत नाही त्याला ती खोली म्हणजे गोदाम," म्हणायचे. त्यांच्याशी बोलायचं ते पाटीवर लिहून. मुंगीनं लिहिलं, 'चौथ्या गाण्यात काय केलं होतंत?'

"तेव्हाची वही बघ की."

वही तिनं केव्हाच पाहिली होती. त्या गाण्यापुढे बाबांच्या किरट्या अक्षरात दोनच शब्द होते: हात राखून. आतल्या खाचांना फार जोर सोसत नाही, म्हणून आवाजाचं बटण हातानं सांभाळायचं, एवढाच त्याचा अर्थ.

'किती? कधी?' तिनं लिहिलं.

"ते हाताला विचार. मला काय विचारतेस?" म्हातारा हसला आणि त्यानं पाटी पुसून टाकली.

मग मुंगीनं मुंगीसारखंच काम केलं. जुनी रेकॉर्ड पन्नासदा लावली, कुठे आवाज किती चढला, किती उतरला, सेकंदासेकंदाला मोजून कागदावर रेघ काढली. मंगळवारी ती रेघ समोर टांगून पहिली तबकडी कोरली. कोरलेली तबकडी वाजवून बघता येत नाही, वाजवली की ती खराब होते. फक्त मायक्रोस्कोपखाली खाचा बघायच्या. तिनं तबकडीच बाबांच्या खोलीत नेली, मायक्रोस्कोपसकट. ते नको नको म्हणत वाकले.

आणि वाचायला लागले. हो, वाचायलाच! "हा गाणारा... हा इथे 'स' जोरात म्हणतो, मेला कायम त्रास द्यायचा... ही गिटार थांबली." कानाला ठार बहिरा माणूस खाचेतल्या नागमोडी वळणांवरून गाणं सांगत होता, आणि एकही शब्द चुकत नव्हता. मुंगी आ वासून बघत राहिली. तीस वर्षं हेच काम करून तिला यातलं निम्मंही येत नव्हतं.

"अक्षर बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले, "पण लिहिणारा घाबरलाय. बघून बघून लिहिलंय." एक तबकडी गेली.

बुधवारी सकाळी आई मशीनच्या खोलीत स्टूल टाकून वाटाणे सोलत बसली होती. लेकीनं दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, म्हणून तिच्यावर नजर ठेवायला. मुंगीनं जुनी रेकॉर्ड एक्कावन्नाव्यांदा लावली. पाचवं मिनिट आलं. आईचा हात शेंगेवर थांबला.

"हे झोपलेत का गं यात?"

"कोण?"

"कोण काय, तुझे बाबा! हा ह्यांचा श्वास आहे."

"आई, काहीतरीच काय! बाबा त्या गाण्यात कशाला असतील? ते काय बँडमध्ये होते?"

"ते मला नाही कळत. पण त्रेपन्न वर्षं ह्या माणसाच्या शेजारी झोपतेय मी. झोप लागायच्या आधी असाच लांब श्वास घेतात. मग मधेच थांबतात. मी दरवेळी घाबरते बाई, पुढचा येतोय की नाही म्हणून. मग सोडतात हळूहळू." आईनं तसा श्वास घेऊन दाखवला.

मुंगीचं बोट आपोआप कागदावरच्या रेघेवर गेलं. आई श्वास घेत होती तशी रेघ चढत होती. आई थांबली, रेघ सपाट झाली. आईनं सोडला, रेघ उतरली. मुंगीनं पुन्हा करायला लावलं, तिसऱ्यांदा करायला लावलं. बटणावर हात ठेवून बसलेला एक माणूस गाण्यात इतका बुडून गेला होता की त्याच्या श्वासाबरोबर हात वरखाली झाला, आणि त्याचं त्यालाही कळलं नाही. आणि त्रेचाळीस वर्षं, कुठे कुठे, कुणाकुणाच्या घरात, तो श्वास वाजत होता! माणसं सरळ होऊन बसत होती ती त्या श्वासासाठी. तो थांबला की आईसारखीच सगळी घाबरत होती, आणि मग ड्रम येत होता.

तिनं धावत जाऊन पाटीवर लिहिलं. बाबांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे माझा श्वास बाजारात विकला गेला? आणि मला कुणी विचारलं नाही ते!" ते खो खो हसले. मग हसू ओसरलं. पाटी खाली ठेवून ते एकदम काठी घेऊन उठले. सहा वर्षांत पहिल्यांदाच ते मशीनच्या खोलीत शिरले. दारात क्षणभर थांबले, एवढंच.

दुसरी तबकडी त्यांनी स्वतः घेतली. गाणं कुठवर आलं हे त्यांना सुईमागे उमटणाऱ्या खाचांच्या चकाकीवरून कळत होतं. अठरा मिनिटं सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. मग गाणारा एकटा उरला, बाबांनी श्वास घ्यायला सुरुवात केली, आणि तो अर्ध्यातच संपला. एकोणऐंशी वर्षांची छाती ती! खोकल्याची उबळ आली, बटणावरचा हात घसरला, सुई शेजारच्या खाचेत घुसली.

आईनं पाणी आणलं. त्यांनी भांडं बाजूला सारलं.

"संपलं," ते म्हणाले. "तो श्वास नाही राहिला माझ्यात. उगाच बसलो." डोळे पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही. मुंगीला भडभडून आलं. तबकडी गेल्याचं तिला काही वाटलं नाही. बाबांना पुन्हा या खोलीत आणून आपणच त्यांचं हसं केलं, हे तिला सहन होईना.

आई मात्र पाटीवर काहीतरी खरडत होती. लिहून झालं तशी तिनं ती दोघांच्या मधे धरली. 'हिचंही तसंच आहे.'

"काय तसंच?" मुंगी म्हणाली.

"श्वास गं! लहानपणी तापात तुला जवळ घेऊन निजायचो. मी मधे. एका बाजूनं हे थांबायचे, दुसऱ्या बाजूनं तू. रात्रभर मला काही झोप नाही. बापलेकींनी मिळून छळलंय मला."

बाबा लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीवरून ती रेघ काढली, चुरगाळली आणि टोपलीत टाकली.

"अहो बाबा!"

ऐकू कुठे येत होतं त्यांना! "उद्या सकाळी," ते म्हणाले. "आता जेव आणि झोप."

गुरुवारी सकाळी शेवटची तबकडी चढली. मुंगी बटणाशी बसली. बाबा मागे स्टुलावर बसले आणि त्यांनी तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, पंजा टेकवला. सूचना नाही, खूण नाही, नुसता पंजा. सुई उतरली. लाखेचा केसाएवढा धागा निघून नळीत खेचला जाऊ लागला. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. मुंगीला आधी घाम फुटला होता. मग पाठीवरचा तो ऊबदार पंजा तेवढा जाणवत राहिला, आणि पुढे पुढे तोही नाही. आपण लहान आहोत, मशीनभोवती फिरतोय, आणि हे गाणं आत्ता पहिल्यांदा होतंय, असं तिला वाटत होतं. गाणारा एकटा उरला. आपण काय केलं हे तिला नंतर आठवेना. एवढंच आठवलं, की ड्रम आला तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि दारात उभ्या आईनं पदर तोंडाशी धरला होता.

बाबा मायक्रोस्कोपवर वाकले. मग खाचेवर नजर ठेवून सावकाश म्हणाले, "इथे घेतला... इथे थांबली... अगं, किती थांबलीस! मी नसतो थांबलो एवढा... आणि हा सोडला." त्यांनी मान वर केली. "माझा नाहीये हा, मुंगे. तुझा आहे. पण घरातलाच आहे."

तीन आठवड्यांनी कंपनीच्या बाईचा फोन आला. छापलेली पहिली प्रत बँडच्या ड्रमरला ऐकवली होती. चौघांपैकी तो एकटाच आता हयात आहे. तो ऐकता ऐकता उभा राहिला म्हणे, आणि संपल्यावर एवढंच म्हणाला, "इतकी वर्षं कुठे होतं हे?" बाई म्हणाली, "ताई, कसं केलंत?" मुंगी म्हणाली, "वहीत लिहिलं होतं. हात राखून." दुसरं सांगणार तरी काय!

रेकॉर्ड बाजारात आली. पहिल्या आठवड्यात एकतिसावी, मग बारावी, मग चौथी. विशीतली पोरंपोरी रांगा लावून घेत होती, ज्यांच्या आईबापांचं लग्नसुद्धा ती पहिल्यांदा निघाली तेव्हा झालं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी रेडिओवर यादी वाचतात. तिघंही स्वयंपाकघरात होती. निवेदक पाचव्या नंबरापासून वर चढत आला, आणि पहिला नंबर सांगताना त्याचाही आवाज चिरकला. त्रेचाळीस वर्षांची म्हातारी रेकॉर्ड! आईनं टाळीच वाजवली. बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि काय ते समजले.

"आता पहिल्या बाजूचं चौथं गाणं," निवेदक म्हणाला, "पूर्ण."

मुंगी पाटी शोधायला उठली, कुठे काय वाजतंय हे बाबांना लिहून दाखवावं म्हणून. त्यांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं, खुर्ची तिच्या मागे ओढली आणि पाठीवर पंजा टेकवला. गाणं पुढे सरकत गेलं. एकेक वाद्य गप्प झालं. मुंगीचं लक्ष गाण्यात होतं, आपण श्वास आत ओढतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग तो थांबला. आईच्या हातातली सुरी थांबली.

"आता येईल बघ," बहिरे बाबा म्हणाले.

आणि ड्रम आला.