व्हिएन्नाच्या बापलेकांचं आख्यान

इथं परदेशात, मरीन परेडच्या आमच्या कॉन्डोत, फंक्शन रूममध्ये, एकादशीला कीर्तन असतं. चारुदत्तबुवा एरवी आयटीत मॅनेजर. पण त्या दिवशी धोतर, उपरणं, पगडी, हातात झांज. गळा असा, की पांडुरंगानंही विटेवर जरा सैल उभं राहावं!

यंदा बुवांच्या घरात तंटा होता. लेक श्रियाला त्यांनी बजावलं होतं, "ओ-लेव्हलची परीक्षा होईपर्यंत व्हायोलिन बंद." शिकवणी मात्र बंद पडली नव्हती. तिची आई, अनघावहिनी, तिला मॅथ्सच्या ट्यूशनला म्हणून सेरंगूनला नेत, ते थेट निशिकांतच्या घरी. हा निशिकांत म्हणजे बुवांचाच पेटीवाला. व्हायोलिनही सुरेख वाजवतो. बुवा सोडून सगळ्यांना हे ठाऊक होतं.

पूर्वरंगात बुवांनी मातापित्यांची आज्ञा हा विषय घेतला. बुक्का, हार झाले. मग उत्तररंगाला, पोरांना गोडी वाटावी आणि लेकानं बापाचं नाव कसं राखलं ते सांगावं म्हणून, ऑस्ट्रियातले स्ट्राउस हे वादक बापलेक उभे केले.

"बाप योहान, वॉल्ट्झ नाचाच्या संगीताचा उस्ताद! अख्खं व्हिएन्ना त्याच्या तालावर गिरक्या घेई. पण पोराला म्हणतो, तू बँकेत जा. व्हायोलिन दिसलं तर चामडी लोळवीन!"

"सेम सेम," श्रिया पुटपुटली.

"आई मात्र मायाळू. तिनं गुपचूप शिकवणी लावली. आणि मंडळी, शिकवायला कोण? बापाच्याच ताफ्यातला वादक!"

पेटी एकदम बेसूर झाली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनींनी पदर तोंडाला लावला. बुवांनी निशिकांतकडे पाहिलं, तो भाता न्याहाळत होता. वहिनींकडे पाहिलं, त्या विठोबाकडे पाहत होत्या.

"निशिकांत?"

"बुवा, मी फक्त सूर देतो हो," निशिकांत कसाबसा म्हणाला.

घरी असते तर बुवा कडाडले असते. पण ही नारदांची गादी. इथं उभं राहून घरचं भांडण काढायचं नसतं, आणि इथं जे बोलावं ते आधी स्वतःला लागू.

"पुढे काय झालं, बुवा?" पहिल्या रांगेतल्या मीराबाईंनी विचारलं. त्या काय सोडतात!

बुवांनी घाम पुसला. "पुढे पोरगा बापासमोर उभा ठाकला. त्याचाही ताफा गाजला. बाप गेल्यावर त्यानं दोन्ही ताफे एक केले, धाकटे भाऊही त्यात आले. आज बापाचं नाव निघतं ते त्या..." बुवा अडखळले. "त्या न ऐकणाऱ्या पोरामुळे."

मग हळूच म्हणाले, "श्रिया, व्हायोलिन कुठाय?"

"निशिकांतअंकलच्या कारमध्ये, बाबा. डिकीत."

"घेऊन ये."

तिनं तीन मात्रांचा वॉल्ट्झ धरला. तबलजीनं जरा चाचपडून दादरा लावला. बुवांची झांज त्यात शिरली आणि तोंडी 'विठ्ठल विठ्ठल' आलं. त्या नाचऱ्या तालात नामही गिरक्या घेऊ लागलं. मीराबाई बसल्या जागी डुलत होत्या.

आरतीनंतर श्रियानं भीत भीत विचारलं, "बाबा, संडेचा क्लास?"

"रविवारी तर आपल्या कीर्तनाची तालीम ठेवायची होती," बुवा पगडी उतरवत म्हणाले. "बरं, तालीम शनिवारी घेऊ. पेटीवाला एकच आहे ना आपल्याकडे."