नळाकडची रांग

विज्ञानात सत्य फार काळ दडून राहत नाही, असं मॅडम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना न चुकता सांगत. त्यांच्या स्वतःच्या बाबतीत ते बावीस वर्षं दडून राहिलं आणि एका सकाळी पावणेदहा वाजता, सेवानिवृत्तीच्या अर्जावर सही मागायला आलेल्या माळीबुवांच्या तोंडून सहज बाहेर पडलं.

मॅडमनी सहीसाठी पेन टेकवलं होतं.

"तुमच्या रोपांवर पोटच्या पोरांसारखी माया केली, मॅडम," माळीबुवा म्हणाले. "तुम्ही पाणी तोडलेल्यांवरसुद्धा."

पेन जागीच थांबलं.

"पाणी तोडलेल्यांवर? कधी?"

"ते हो, तुमची छकुली गोवरानं आजारी होती तेव्हा. तीन आठवडे पाणी घालू नये म्हणून ग्रीनहाऊसला पाटी लावली होतीत. मी येऊन बघतो तर सगळ्यांनी माना टाकलेल्या. राहवेना. दोन-चार दिवसांआड घालायचो थोडं थोडं."

"सगळ्यांना?"

"छे, नळी कुठे तेवढी पुरायची! नळाकडची रांग भिजायची. पलीकडची गेली बिचारी." त्यांनी कान पकडले. "आता रागावू नका. महिनाअखेरीला सुटलोच मी."

नळाकडच्या रांगेत मोहरीच्या कुळातलं एक वीतभर तण होतं. त्यात मॅडमनी एक जनुक जास्तीचं घातलं होतं. पलीकडच्या रांगेत तेच तण, जनुकाविना. तीन कोरड्या आठवड्यांनंतर जनुकवाली रोपं तरतरीत होती आणि बाकीच्यांचा पाचोळा झाला होता. दुष्काळाला पुरून उरणारं जनुक सापडलं! त्यावर शोधनिबंध उभा राहिला, निबंधावर प्रयोगशाळा, प्रयोगशाळेवर अकरा जणांच्या पीएच.डी. आणि आज अकरा वाजता जीवनगौरव पुरस्काराची समिती यायची होती.

"तब्येत बरी आहे ना, मॅडम? पाणी आणू?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "पाणी नको."

सही घेऊन माळीबुवा गेले. मॅडमनी कपाटाच्या तळातून जुनी नोंदवही काढली. असल्या प्रयोगात रोपांच्या ट्रेच्या जागा रोज बदलायच्या असतात, म्हणजे ऊन, वारा आणि माळी सगळ्यांच्या वाट्याला सारखे येतात. वहीत एकवीस ओळी होत्या. 'जागा बदलल्या', आणि पुढे सही. एकवीसही ओळी एकाच शाईत, एकाच झोकात, दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिलेल्या. मांडीवर पोर तापानं फणफणत होती, हे मात्र वहीत नव्हतं.

कोपऱ्यात कागदांचा चुरा करायचं यंत्र होतं. मॅडम त्याच्यापाशी दोनदा जाऊन आल्या. दुसऱ्यांदा त्यांनी बटणही दाबलं. यंत्र थोडा वेळ रिकामंच घरघरलं. मग त्यांनी ते बंद केलं, वही काखोटीला मारली आणि सभागृहाचा जिना उतरल्या.

समितीत तिघं जण होते. मॅडमच्या निष्कर्षाला सगळ्यांत आधी ज्यांच्या प्रयोगशाळेनं दुजोरा दिला होता, ते अध्यक्ष. मानपत्राचा मसुदा हातात धरून त्यांनी घसा खाकरला.

"थांबा, सर. आधी हे बघा."

मॅडमनी वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली, नळी सांगितली, रांग सांगितली, एकवीस सह्या सांगितल्या. दवाखाना सांगितला नाही.

"निबंध मागे घ्यावा लागेल," त्या म्हणाल्या. "आजच पत्र लिहिते."

"अहो, काहीतरीच काय!" अध्यक्ष हसले. "हाच निष्कर्ष आमच्याकडेही आला होता की. आमच्याकडे काय तुमचे माळीबुवा बदलीवर आले होते?"

बाकीची दोघं मोठ्यानं हसली. एवढं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तुमच्याकडे ट्रे कोण हलवायचं, सर?" मॅडमनी विचारलं.

"मीच. रोज."

"वही असेल?"

"असणारच ना. म्हणजे, असायला हवी." अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला. उजवीकडच्या सदस्यांना अचानक छताचा पंखा बघावासा वाटू लागला. डावीकडच्या बाईंनी पेनाचं टोपण घट्ट लावलं. असल्याच ट्रेमधल्या प्रयोगावर त्यांचीही पीएच.डी. झाली होती.

"लिहा पत्र," शेवटी अध्यक्ष अगदी हळू म्हणाले. "पण मग आपल्या सगळ्यांनाच लिहावं लागेल, मॅडम."

त्यांनी वही मिटली आणि दोन बोटांनी टेबलावरून मॅडमकडे सरकवली. मॅडमनी ती उचलली नाही. परत उघडलीही नाही.

मानपत्र बारा वाजून पाच मिनिटांनी एकमतानं मंजूर झालं. समितीच्या इतिवृत्तात त्याआधीच्या चाळीस मिनिटांपुढे 'चहापान' अशी नोंद आहे. कँटीन त्या दिवशी बंद होतं.